वाचकांचे प्रश्न : सुटे भाग वेळेवर हाती येण्यासाठी

उत्पादन उद्योगातील खरेदी विभागात काम करणाऱ्या वाचकांची या वेळी जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच आहे. जोडणीची माणसे तयार असतात, ग्राहकाला तारीख दिलेली असते, आणि एखाददुसरा भाग आलेला नसल्यामुळे सारे काम अडून राहते. त्या पत्रांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. खरेदीच्या कामात इतकी वर्षे काढल्यानंतर या दुखण्याचे मूळ मला बहुतेक वेळा आपल्याच कागदांवरच्या खोट्या तारखांत सापडत आले आहे. खोट्या म्हणजे कोणीही न तपासता लिहिलेल्या, किंवा परिस्थिती बदलून गेली तरी तशाच राहू दिलेल्या. पुढच्या उत्तरांत ही गोष्ट पुनःपुन्हा येईल, म्हणून ती आरंभीच सांगून ठेवतो.

प्रश्न : आमच्याकडे औद्योगिक पंपांची जोडणी होते. पुरवठादाराने ३० दिवसांची मुदत सांगितली असेल, तर गरजेच्या तारखेच्या बरोबर ३० दिवस आधी आम्ही मागणीपत्र लिहितो. तरीही भाग तीन-साडेतीन आठवडे उशिरा हाती येतो आणि पुरवठादार मात्र कागदपत्रे दाखवून मुदत पाळल्याचे सिद्ध करतो. हिशेब कुठे चुकतो?

उत्तर : आपला पुरवठादार बहुधा खरेच सांगत असावा. त्याची मुदत ही त्याच्या कामाची मुदत असते. आपली गरज लक्षात आल्यापासून भाग जोडणीच्या टेबलावर पोहोचेपर्यंतचा सगळा काळ तिच्यात कधीच मावत नाही. एक नमुन्याचा हिशेब मांडून पाहू. मागणीपत्र तयार होण्यास २ दिवस, त्यावर वरिष्ठांची सही होण्यास ४, कोटेशन मागवून दर ठरवण्यास ६, ऑर्डर टाइप होऊन बाहेर पडण्यास १, आणि पुरवठादाराने ड्रॉइंगबद्दल शंका विचारून ऑर्डर स्वीकारल्याचे कळवण्यास ३, असे १६ दिवस पुरवठादाराचे घड्याळ सुरू होण्यापूर्वीच निघून जातात. त्यानंतर त्याचे ३० दिवस, वाहतुकीचे ५, इनवर्ड (म्हणजे आलेल्या मालाची फाटकावरची नोंद) आणि तपासणीचे ३, आणि स्टोअरमध्ये लावून नोंद होण्याचा १. एकूण ५५ दिवस झाले, म्हणजे पुरवठादाराच्या ३० दिवसांशिवाय आणखी २५ दिवस लागले, आणि त्या २५ दिवसांपैकी बहुतेकांवर ताबा आपलाच आहे. आपला भाग जितका उशिरा येतो, जवळजवळ तितकेच हे दिवस आहेत.

यात आणखी दोन खाचखळगे आहेत. पहिला म्हणजे ‘३० दिवस’ हे कामाचे की पंचांगातले, हे कोणी विचारत नाही. आठवड्याला एक सुट्टी असेल तर कामाच्या ३० दिवसांना पंचांगातले ३५ दिवस लागतात, आणि दोन सुट्ट्या असतील तर ४२. दुसरा म्हणजे डिलिव्हरीची तारीख नेमकी कुठली, हे ऑर्डरवर स्पष्ट नसते. आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सच्या ‘इन्कोटर्म्स’ या व्यापारी संज्ञा १९३६ पासून वापरात आहेत आणि त्यांची २०२० ची आवृत्ती सध्या चालते. त्यांतील ‘एक्स वर्क्स’ या अटीप्रमाणे माल पुरवठादाराच्या आवारात आपल्या हवाली केला की त्याची जबाबदारी संपते. पुढची वाहतूक आपण पाहायची असते. अशी अट मान्य करून आपण मात्र त्या दिवशी माल आपल्या फाटकात येईल असे धरून बसलो, तर पुरवठादार मुदतीत असतो आणि आपण उशिरात असतो, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात.

यावर उपाय म्हणून मी एक जुनी पद्धत सुचवतो. नेहमी उशिरा येणारा एक भाग निवडावा, त्याच्या गेल्या २० ऑर्डरी फाइलमधून काढाव्यात आणि प्रत्येकीच्या पाच तारखा ओळीने लिहाव्यात : गरज कळली तो दिवस, ऑर्डर बाहेर पडली तो दिवस, पुरवठादाराने स्वीकारली तो दिवस, माल फाटकात आला तो दिवस आणि तो तपासून वापरायला मोकळा झाला तो दिवस. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते एखाद्या नव्या माणसावर न सोपवता स्वतः करावे, कारण सहीसाठी अडलेले मागणीपत्र किंवा तपासणीच्या रांगेत पडून राहिलेली पेटी त्या तारखांतून डोळ्यांसमोर उभी राहते. पहिल्या आणि शेवटच्या तारखेतील अंतर हाच आपला खरा लीड टाइम. संगणकात जो आकडा भरायचा तो हा. पुढे तो कमी करायचा असेल तर पुरवठादाराशी भांडण्याआधी सह्यांचे दिवस कमी करावेत. नेहमीच्या भागांचे दर वर्षातून एकदाच ठरवून ठेवले आणि त्याखाली केवळ डिलिव्हरीचे शेड्यूल पाठवत राहिले, तर वर लिहिलेल्या १६ दिवसांपैकी बहुतेक दिवस वाचतात.

प्रश्न : आम्ही प्रत्येक भागासाठी साठ्याची किमान पातळी ठरवली आहे. साठा तिच्या खाली गेला की ऑर्डर निघते. तरीही काही भाग महिनोन्‌महिने पडून असतात आणि काही ऐन वेळी संपतात. पातळी वाढवावी की कमी करावी?

उत्तर : पातळी वाढवून किंवा कमी करून हा दोष जाणार नाही, कारण ती पद्धतच काही भागांना लागू पडत नाही. साठ्याचे गणित मांडण्याची परंपरा जुनी आहे. एका वेळी किती मागवावे याचे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. पण त्या सूत्रामागे खप सतत आणि साधारण एकसारखा चालतो असे गृहीत धरलेले असते. आयबीएममध्ये काम करणाऱ्या जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात असे दाखवून दिले की, तयार वस्तूची मागणी बाजारावर अवलंबून असते, परंतु तिच्या आतील भागांची मागणी केवळ त्या वस्तूच्या उत्पादनाच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. म्हणून पहिलीचा अंदाज करावा लागतो, तर दुसरीचा हिशेब करता येतो. मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजे आज ज्याला सगळे एमआरपी म्हणतात, ती पद्धत या विचारावर उभी आहे.

समजा, एका पंपाचे उत्पादन दर सहा आठवड्यांनी एकदाच, १२० नगांच्या खेपेने होते आणि प्रत्येकात दोन बेअरिंग लागतात. मग पाच आठवडे खप शून्य असतो आणि सहाव्या आठवड्यात एकदम २४०. सरासरी काढली तर आठवड्याला ४० येते, पण प्रत्यक्षात ४० चा आठवडा कधी उगवतच नाही. किमान पातळी या सरासरीवरून ठरवलेली असेल, तर पाच आठवडे माल उगाच पडून राहील आणि सहाव्या आठवड्यात तो पुरणार नाही. आपल्या पत्रातील दोन्ही तक्रारी एकाच कारणातून निघतात, त्या अशा.

हिशेबाची रीत अशी. दहाव्या आठवड्यात १२० पंप जोडायचे आहेत, म्हणून २४० बेअरिंग हवेत. स्टोअरमध्ये ९० आहेत, पण त्यांतील ३० दुरुस्तीच्या सुट्या भागांच्या ऑर्डरसाठी राखून ठेवले आहेत, म्हणून आपल्या कामाचे ६०. आणखी ६० आठव्या आठवड्यात यायचे आहेत. म्हणजे १२० कमी पडतात. एकूण लीड टाइम सहा आठवड्यांचा असेल तर ऑर्डर चौथ्या आठवड्यात निघालीच पाहिजे, आणि एक आठवडा हाताशी ठेवायचा असेल तर तिसऱ्या. यात अवघड असे काहीच नाही, फक्त प्रत्येक आकडा खरा असायला हवा. राखून ठेवलेले ३० विसरले, किंवा आठव्या आठवड्यात येणारे ६० पुरवठादाराने अकराव्यावर ढकलले असून ते कोणी नोंदवले नाही, तर गणित बरोबर असूनही जोडणी अडेल.

म्हणून एमआरपी चालवणाऱ्या कारखान्यांनी भागांच्या यादीची, म्हणजे बिल ऑफ मटेरियलची, अचूकता किमान ९८ टक्के आणि साठ्याच्या नोंदींची किमान ९५ टक्के असावी, असा दंडक या क्षेत्रात फार पूर्वीपासून मानला जातो. वर्षातून एकदा सगळे स्टोअर बंद ठेवून मोजणी करण्यापेक्षा रोज थोडे थोडे भाग मोजावेत आणि जिथे फरक निघेल तिथे आकडा दुरुस्त करून न थांबता फरक का पडला याचा त्याच दिवशी शोध घ्यावा. रात्रपाळीत चिठ्ठी न लिहिता नेलेला माल, रिजेक्ट झालेला पण नोंदीत चांगल्या मालातच राहिलेला नग, बदललेल्या ड्रॉइंगप्रमाणे सुधारली न गेलेली यादी, अशी कारणे बहुधा ठरलेली असतात.

नट, बोल्ट, वॉशर, गॅस्केट यांसारख्या स्वस्त आणि सतत लागणाऱ्या वस्तूंसाठी मात्र आपली किमान पातळीची पद्धत उत्तम आहे. दोन डबे ठेवावेत, पहिला रिकामा झाला की ऑर्डर काढावी आणि तोवर दुसरा वापरावा. त्यासाठी संगणकाचीही गरज नाही.

प्रश्न : जादा साठा किती ठेवावा यावर आमच्याकडे नेहमी वाद होतो. हिशेब विभागाला तो नको असतो, उत्पादन विभागाला तो कमी वाटतो आणि खरेदी विभाग मध्ये भरडला जातो. हा आकडा ठरवण्याची काही रीत आहे का?

उत्तर : रीत आहे, आणि ती माहीत असेल तर वादाचा सूरच बदलतो. जादा साठा दोन अनिश्चित गोष्टींसाठी ठेवायचा असतो : आपला खप वरखाली होतो आणि माल येण्याचे दिवस वरखाली होतात. दोन्हींचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर जातात याचे माप, आपल्या जुन्या नोंदींतून काढावे. खपाच्या विचलनाचा वर्ग करून त्याला लीड टाइमच्या दिवसांनी गुणावे. लीड टाइमच्या विचलनाचा वर्ग करून त्याला रोजच्या सरासरी खपाच्या वर्गाने गुणावे. दोन्हींची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढावे. साठा ९५ टक्के वेळा पुरावा अशी अपेक्षा असेल तर त्या वर्गमुळाला १.६५ ने आणि ९९ टक्के वेळा पुरावा असे वाटत असेल तर २.३३ ने गुणावे.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, कारण खरी शिकवण उदाहरणात आहे. रोजचा सरासरी खप ४०, त्याचे विचलन १०, लीड टाइम २० दिवस आणि त्याचे विचलन ४ दिवस असे धरू. पहिला गुणाकार २,०००, दुसरा २५,६००, बेरीज २७,६००, वर्गमूळ सुमारे १६६, आणि १.६५ ने गुणल्यावर २७४ नग. लीड टाइममध्ये लागणारे ८०० त्यात मिळवले की साठा १,०७४ वर आला असताना ऑर्डर निघाली पाहिजे. आता उत्पादन विभागाने जादू केली आणि रोजचा खप एका नगानेही न चुकता ४० ठेवला असे समजा. जादा साठा २७४ वरून २६४ होईल, म्हणजे फक्त १० नग वाचतील. उलट, खप आहे तसाच वरखाली होत राहिला पण पुरवठादाराच्या तारखेतील विचलन ४ दिवसांवरून १ दिवसावर आले, तर बेरीज ३,६०० होते, वर्गमूळ ६० येते आणि जादा साठा केवळ ९९ उरतो.

हे आकडे हिशेब विभागापुढे ठेवावेत. साठा कमी करण्याचा मार्ग तारखा भरवशाच्या करण्यातून जातो, हे त्यांना कोणत्याही युक्तिवादापेक्षा या गणितातून लवकर पटेल. येथे एक सावधगिरीची सूचना करतो. हे सूत्र नित्याच्या चढउतारांसाठी आहे. वर्षातून एकदोनदाच लागणारा भाग किंवा कधी वेळेवर तर कधी एकदम दोन महिने उशिरा माल देणारा पुरवठादार यांच्या बाबतीत ते फसते. तिथे जुन्या नोंदी पाहून माणसानेच निर्णय घ्यावा.

उत्पादन विभागाचे म्हणणेही मी हलके मानत नाही. एका यंत्रात ५० निरनिराळे भाग लागतात आणि त्यांपैकी प्रत्येक भाग गरजेच्या दिवशी हजर असण्याची शक्यता ९८ टक्के आहे, असे धरले तर प्रत्येक खरेदी अधिकाऱ्याला आपली कामगिरी उत्तम वाटेल. पण सगळे ५० भाग एकाच दिवशी हजर असण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के येते. प्रत्येकी ९९ टक्के केले तरी ती ६० च्या आसपासच राहते. त्यामुळे स्वस्त भागांच्या साठ्यात काटकसर करू नये. महागड्या मोटारीची जोडणी एका सीलसाठी अडत असेल, तर ते सील महिनाभराचे जास्त ठेवण्यात काहीही गैर नाही. काटकसर करायची ती मोजक्या महागड्या भागांत, आणि तिथेही तारखा सुधारून.

प्रश्न : पुरवठादार तारीख देतात आणि पाळत नाहीत. माझा अर्धा दिवस फोनवर जातो. एवढा फॉलोअप करूनही फरक पडत नाही.

उत्तर : आपली धडपड मला पूर्ण कळते, कारण माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे अशीच गेली. त्या काळातील एक प्रसंग मी विसरलेलो नाही. एका फाउंड्रीकडून, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्याकडून, काही कास्टिंग (ओतीव भाग) हवे होते आणि मी रोज फोन करून ‘लाइन बंद पडणार आहे’ असे सांगत होतो. त्या मालकांनी दुसऱ्याचे काम बाजूला ठेवून, रात्रीची भट्टी लावून माल पाठवला. तीन आठवड्यांनी ते काही कामासाठी आमच्याकडे आले, तेव्हा त्यांचे कास्टिंग स्टोअरच्या कोपऱ्यात जसेच्या तसे पडलेले त्यांनी पाहिले. शाफ्ट आलेला नव्हता, म्हणून जोडणी पुढे गेली होती, आणि ही गोष्ट त्यांना कळवण्याचे माझ्या मनातही आले नव्हते. ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर माझ्या ‘तातडीच्या’ शब्दाला त्यांच्याकडे किंमत राहिली नाही, आणि ते योग्यच होते.

म्हणून फॉलोअपची सुरुवात स्वतःच्या ऑर्डर बुकापासून करावी. आज प्रलंबित असलेल्या सगळ्या ऑर्डरींची यादी काढावी आणि ज्यांची तारीख उलटून गेली आहे त्या वेगळ्या कराव्यात. कालची तारीख ही कोणाचीच तारीख नसते. त्या दिवशी माल येणे आता शक्यच नाही. अशा प्रत्येक ऑर्डरसाठी उत्पादन विभागाला खरी गरज विचारून नवी तारीख लिहावी. बऱ्याच ऑर्डरी पुढे ढकलता येतील आणि काही रद्दही होतील. ज्यांची गरज पुढे गेली त्या पुरवठादारांना तसे आपणहून कळवावे. ज्याला आपण ‘हे आता दोन आठवड्यांनी चालेल’ असे सांगितले आहे, तो पुढच्या वेळी ‘हे उद्याच हवे’ यावर विश्वास ठेवतो.

दुसरे असे की, फोन तारीख उलटल्यावर न करता तिच्या आधी, आणि ठरावीक टप्प्यांवर करावा. ऑर्डर पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत तारखेसह लेखी स्वीकृती आली का, हा पहिला टप्पा. ती न आलेली ऑर्डर ही दिलेलीच नाही असे समजावे. कच्चा माल पुरवठादाराच्या हाती आला का, हा दुसरा. मुदतीचा एक तृतीयांश काळ उलटूनही कच्चा माल आलेला नसेल तर उशीर ठरलेलाच आहे, आणि तो आज कळला तर काही करता येते. पहिले मशिनिंग सुरू झाले का, हा तिसरा. ‘माल कधी देणार’ या प्रश्नाला ‘देतो लवकरच’ असे उत्तर मिळते. ‘पोलाद आले का, कोणत्या मशिनवर लावले आहे’ या प्रश्नांना तसे उत्तर देता येत नाही. सगळ्या भागांसाठी हे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. ज्यांच्यावाचून जोडणी अडेल अशा पंधरा-वीस भागांसाठी करावे.

तिसरी गोष्ट पत्रात आली नाही, पण बोलली पाहिजे. आपण शेड्यूल किती वेळा बदलतो आणि पैसे किती उशिरा देतो, हे पुरवठादारही मोजत असतो. पुढच्या चार आठवड्यांचे शेड्यूल बदलायचे नाही, त्यापुढचे आठ आठवडे थोडेफार बदलू शकते आणि त्यापुढचा केवळ अंदाज आहे, अशी लेखी वाटणी केली तर त्याला कच्चा माल आणि मनुष्यबळ यांची तजवीज करता येते. ज्याचे बिल मुदतीत चुकते होते त्याचे काम मशिनवर आधी चढते, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते, पण फाउंड्रीत आणि वर्कशॉपमध्ये रोज घडते.

प्रश्न : टंचाई असताना दोन-तीन पुरवठादारांकडे जास्तीची ऑर्डर देऊन ठेवावी आणि जो आधी देईल त्याचा माल घेऊन बाकीच्या रद्द कराव्यात, असा सल्ला मला मिळाला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : तो सल्ला मानू नये. प्रत्येक ग्राहक असेच करू लागला की पुरवठादाराला मागणी दुप्पट-तिप्पट झाल्याचे दिसते, त्याची रांग फुगते, तो मुदत वाढवतो, आणि मुदत वाढलेली पाहून ग्राहक आणखी आधी आणि आणखी जास्त ऑर्डर देतात. साखळीच्या एका टोकाचा लहानसा हेलकावा दुसऱ्या टोकाला मोठा होत जातो. याला बुलव्हिप परिणाम म्हणतात, आणि पुरवठा साखळीचे अभ्यासक हाऊ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सांगितलेल्या त्याच्या चार कारणांत टंचाईच्या भीतीने दिलेल्या फुगीर ऑर्डरी हे एक कारण आहे. ऑर्डर रद्द करण्याची किंमतही मोठी असते. २०२० च्या आरंभी महामारीमुळे विक्री थंडावली तेव्हा अनेक मोटार कंपन्यांनी सेमीकंडक्टर चिपच्या ऑर्डरी कमी केल्या आणि ती उत्पादनक्षमता संगणक व इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंकडे वळली. मोटारींची मागणी अपेक्षेपेक्षा लवकर परतली, पण चिप बनायला तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि रांगेतील जागा गेलेली होती. २०२१ मध्ये जगभरच्या मोटार कारखान्यांना त्यापायी उत्पादन थांबवावे लागले.

दुसरा पुरवठादार असावा हे मात्र खरे, आणि तो टंचाईच्या आधी असावा. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथील आयसिन सेइकी या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळजवळ सर्व गाड्यांच्या ब्रेकमध्ये लागणारा एक लहानसा व्हॉल्व्ह तिथेच बनत असे आणि टोयोटाकडे त्याचा साठा जेमतेम काही तासांचा होता. काही दिवस टोयोटाचे जपानमधील बहुतेक उत्पादन बंद पडले. ते इतक्या लवकर सावरले याचे कारण असे की, ज्यांनी तो व्हॉल्व्ह कधी बनवला नव्हता अशा अनेक पुरवठादारांनी ड्रॉइंग घेऊन आपापल्या मशिनवर तो करून दिला. वर्षानुवर्षे ज्यांच्याशी नीट व्यवहार ठेवला होता तेच अडीअडचणीला धावून आले. आपल्या भागांपैकी कोणता भाग एकाच ठिकाणी बनतो आणि तो न आल्यास काय काय थांबेल, याची यादी आपण या महिन्यातच करावी; तशा भागाच्या ऑर्डरचा दहा-वीस टक्के वाटा नियमितपणे दुसऱ्याला द्यावा, म्हणजे त्याचे नमुने तपासून मंजूर झालेले असतील आणि त्याचा हातही बसलेला असेल.

प्रश्न : आमचा कारखाना लहान आहे. खरेदी मी एकटाच पाहतो, एमआरपीची प्रणाली नाही, एक वही आणि एक स्प्रेडशीट एवढेच आहे. शिवाय नव्या यंत्राचे डिझाइन पूर्ण होईपर्यंत ऑर्डर काढू नका असे मला सांगितले जाते आणि नंतर उशिराचा दोषही माझ्यावर येतो. मी काय करावे?

उत्तर : आधी डिझाइनचे पाहू. यंत्राची सगळी ड्रॉइंग एकाच दिवशी पूर्ण व्हावीत असा कोणताही नियम नाही. डिझाइन करणाऱ्यांसोबत बसून सर्वांत जास्त लीड टाइमचे भाग कोणते ते ठरवावे. मोठी कास्टिंग, फोर्जिंग (ठोकून घडवलेले भाग), विशेष बेअरिंग, गिअरबॉक्स, नियंत्रण प्रणाली हे बहुधा त्यांत असतात. त्यांची ड्रॉइंग आधी मोकळी करण्याचा आग्रह धरावा. कास्टिंगचे बाह्य माप ठरले असेल तर पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतण्याचा साचा घडवतात तो नमुना, बनवायला देता येतो आणि मशिनिंगचे बारकावे नंतर कळवता येतात. पोलादाची प्रत ठरली असेल तर कच्चा माल राखून ठेवता येतो. प्रत्येक ऑर्डरवर ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक, म्हणजे सुधारित आवृत्तीचा क्रमांक, लिहिण्यास विसरू नये. वेळेवर आलेला पण जुन्या रिव्हिजनप्रमाणे बनलेला भाग हा न आलेल्या भागाइतकाच निरुपयोगी असतो.

स्प्रेडशीट पुरेशी आहे. तिच्यात प्रत्येक भागासमोर जोडणीची तारीख, वर सांगितल्याप्रमाणे मोजलेला खरा लीड टाइम, हाताशी ठेवायचे दिवस आणि या तिन्हींवरून निघणारी ‘ऑर्डर बाहेर पडण्याची शेवटची तारीख’ असे रकाने करावेत आणि संपूर्ण यादी या शेवटच्या रकान्याप्रमाणे लावावी. रोज सकाळी वरच्या ओळी पाहाव्यात. जिथे ही तारीख आजच्या मागे गेलेली दिसेल तिथे भाग उशिरा येणार हे आजच ठरलेले असते, आणि ही गोष्ट उत्पादन विभागाला त्याच दिवशी लेखी कळवावी. सहा आठवडे आधी कळले तर ते जोडणीचा क्रम बदलू शकतात. ड्रॉइंग न मिळाल्यामुळे ऑर्डर अडली असेल तर त्याच ओळीत ‘ड्रॉइंगची वाट पाहत आहे’ असे तारखेसह लिहून ती यादी डिझाइन विभागालाही दर आठवड्याला पाठवावी. आपल्यावर येणाऱ्या दोषाचे निराकरण त्या एका ओळीने होईलच, पण त्याहून महत्त्वाचे असे की, आपल्या एका ड्रॉइंगसाठी कोणता भाग कधीपासून थांबला आहे हे डिझाइन विभागाला त्यामुळे प्रथमच दिसेल.